जनरल लॉर्ड लेक आणि शिंद्यांचे कंपू

इ. स. १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धाचा इतिहास मराठींत बहुधा दक्षिणेच्या बाजूनें सांगितला जातो. असई, आडगांव, गाविलगड हीं नांवें आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचीं आहेत. आर्थर वेलस्ली हा पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन होऊन नेपोलियनचा जेता म्हणून जगप्रसिद्ध झाला, त्यामुळें त्याच्या दक्षिणेंतील मोहिमेवर इंग्रज ग्रंथकारांनींहि भरपूर लिहून ठेविलें आहे. परंतु त्याच चार महिन्यांत अलीगड, दिल्ली, मथुरा, आग्रा, सर्व अंतर्वेद आणि खुद्द बादशहा हें सारें मराठ्यांच्या हातून गेलें. महादजी शिंद्यांनीं वीस वर्षें खपून जें उभें केलें तें एका पावसाळ्याच्या अखेरीस नाहींसें झालें. हें करणारा सेनापति निराळा होता. त्याचें नांव जनरल जेरार्ड लेक. मराठी वाचकांस तो केवळ तहांच्या यादींतून भेटतो, आणि त्याच्या चरित्राकडे आमच्या लेखकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं.

या चरित्राकडे आम्ही एका विशिष्ट हेतूनें वळलों आहों. शिंद्यांच्या कवायती कंपूंच्या पराभवाविषयीं आपल्याकडे दोन मतें रूढ आहेत. पहिलें असें कीं, महादजींनीं डी बॉयनच्या हातून पाश्चात्य धर्तीचे कंपू उभारले तेथेंच चूक झाली. गनिमी काव्याची पिढीजात पद्धति टाकून मराठे परक्याच्या विद्येंत उतरले, आणि त्या विद्येंत परका वरचढ ठरणें क्रमप्राप्तच होतें. दुसरें मत असें कीं, हे कंपू भाडोत्री. त्यांतील बहुतेक शिपाई अंतर्वेदींतले, अयोध्येकडचे, रजपुतान्यांतले. त्यांस शिंद्यांच्या दौलतीचा कळवळा कोठून असणार? कवायत होती, पण मरण्याची तयारी नव्हती. दोन्हीं मतें बोलावयास सोपीं आहेत. मात्र ज्या सेनापतीनें हे कंपू समोरासमोर मोडले त्याची स्वतःची साक्ष यांपैकीं एकाहि मतास अनुकूल नाहीं. ती साक्ष कितपत ग्राह्य धरावी हें ठरविण्यासाठीं साक्षीदार कोण होता व कसा घडला होता, हें आधीं पाहिलें पाहिजे.

लेकचा जन्म २७ जुलै १७४४ रोजीं झाला. घराणें लंडनजवळील हॅरो येथील, सधन व प्रतिष्ठित. ईटनच्या विद्यालयांत कांहीं काळ घालवून १७५८ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, तो पायदळ गार्डांच्या पहिल्या पलटणींत सर्वांत खालच्या दर्जाचा अधिकारी झाला. इतक्या कोंवळ्या वयांत हुद्दा कसा मिळाला असा प्रश्न वाचकांस पडेल. त्या काळीं इंग्लंडांत सैन्यांतील हुद्दे रोख पैसे देऊन विकत घेतां येत; त्यामुळें श्रीमंतांचीं मुलें मिसरूड फुटण्यापूर्वींच कमरेस तरवार बांधीत. आमच्याकडे सरदारीचा सरंजाम बापाकडून मुलाकडे जाई, यास हंसणाऱ्या इंग्रज लेखकांनीं हा स्वतःच्या घरचा रिवाज ध्यानांत ठेवावयास हरकत नव्हती. सप्तवार्षिक युद्धांत लेक जर्मनींत लढला. १७७० सालीं एलिझाबेथ बार्कर नांवाच्या मुलीशीं त्याचें लग्न झालें. त्यांच्या तीन पुत्रांपैकीं जॉर्ज हा पुढें बापाबरोबर हिंदुस्थानांत आला. त्याचा उल्लेख पुढें येईल.

अमेरिकेंतील वसाहतींच्या स्वातंत्र्ययुद्धांत १७८१ सालीं लॉर्ड कॉर्नवालिस यॉर्कटाऊन येथें कोंडला गेला, तेव्हां लेक त्याच्या फौजेंत होता. १६ ऑक्टोबरच्या पहाटें इंग्रजांची एक तुकडी बाहेर पडून वेढ्याच्या मोर्चांवर तुटून पडली व तिनें कांहीं तोफा निकामी केल्या. तींतील गार्ड शिपायांचा नायक लेक होता. छापा धाडसाचा असला तरी निष्फळ ठरला. तीनच दिवसांनीं कॉर्नवालिसनें शस्त्रें खालीं ठेविलीं व लेक कैद झाला. कॉर्नवालिसची आणि त्याची गांठ पुढें आयर्लंडांत व हिंदुस्थानांत अशी आणखी दोनदां पडावयाची होती. स्वदेशीं परतल्यावर लेक युवराजाच्या खासगी मंडळींत वावरूं लागला, आणि १७९० पासून १८०२ पर्यंत एल्झबरी मतदारसंघातर्फे पार्लमेंटचा सभासद होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या युद्धांत, १८ ऑगस्ट १७९३ रोजीं, फ्लँडर्समधील लँसेल गांवीं त्यानें गार्डांची ब्रिगेड घेऊन संख्येनें कितीतरी अधिक असलेल्या फ्रेंचांवर संगिनीचा हल्ला चढविला व तें ठाणें परत मिळविलें. शत्रु दृष्टीस पडला कीं विलंब न लावतां त्याच्या अंगावर जावयाचें, हा त्याचा स्वभावधर्म येथेंच स्पष्ट दिसतो. हिंदुस्थानांतील त्याचें यश व अपयश दोन्हीं याच स्वभावांतून निघालीं.

आयर्लंडमधील त्याची कारकीर्द मात्र त्याच्या चरित्रावरील डाग आहे, आणि त्याच्या स्तुतिपाठकांनाहि तो पुसतां आलेला नाहीं. डिसेंबर १७९६ मध्यें तो अल्स्टर प्रांतीं गेला. मार्च १७९७ मध्यें जाहीरनामा काढून त्यानें लोकांचीं हत्यारें काढून घेण्याची मोहीम सुरू केली. घरें जाळणें, लोकांस टिकटीस बांधून फटके मारणें, चौकशीवांचून तुरुंगांत टाकणें हे तिचे प्रकार. आदल्या सेनापतीनें, सर राल्फ ॲबरक्रॉंबीनें, सैन्याच्या बेशिस्तीवर उघड ताशेरे ओढले म्हणून त्यास जावें लागलें, आणि त्याच्या जागीं १७९८ सालीं लेक आला. बंड चिघळलें. २१ जून १७९८ रोजीं व्हिनेगर हिल येथें त्यानें बंडवाल्यांचा तळ मोडला. ऑगस्टांत जनरल हंबर्टच्या हाताखालीं थोडेसे फ्रेंच शिपाई पश्चिम किनाऱ्यावर उतरले, तेव्हां कॅसलबार येथें लेकची फौज अशी पळत सुटली कीं आयरिश लोक त्या लढाईस आजहि 'कॅसलबारची शर्यत' म्हणतात. दहाबारा दिवसांनीं, ८ सप्टेंबरला, बॅलिनामक येथें हंबर्ट त्यास शरण आला. त्या दिवशीं फ्रेंच शिपायांस युद्धकैद्यांच्या मानानें वागविलें गेलें आणि त्यांच्या सोबतच्या आयरिश शेतकऱ्यांची शेंकड्यांनीं कत्तल झाली. जो शिपाई राजाचा, त्यास दया. जो राजाविरुद्ध उठलेला रयत, त्यास दया नाहीं, अशी त्या काळच्या इंग्रज सेनापतींची धारणा होती. लेक तीस अपवाद नव्हता. आमच्या साक्षीदाराच्या अंगीं शत्रूविषयीं फाजील उदारता नव्हती एवढें यावरून दिसतें, आणि पुढील विवेचनास तें उपयोगी आहे.

१८०१ सालीं लेक हिंदुस्थानांतील इंग्रज फौजांचा मुख्य सेनापति म्हणून कलकत्त्यास दाखल झाला. गव्हर्नर जनरल वेलस्लीशीं त्याचें सूत चांगलें जमलें. १८०२-०३ च्या हिंवाळ्यांत कनोजच्या छावणींत त्यानें घोडदळाची खूप तालीम घेतली. प्रत्येक रिसाल्याबरोबर घोड्यांच्या वेगानें ओढल्या जाणाऱ्या हलक्या तोफा दिल्या व घोडदळास पायदळाची वाट न पाहतां पुढें जाण्याची संवय लावली. त्याच सुमारास अंतर्वेदींत सासनी नांवाच्या एका जमीनदाराच्या गढीवरील त्याचा पहिला हल्ला फसला. ही गोष्ट लहान असली तरी भरतपूरच्या वेळीं तिची आठवण ठेवावी.

वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ रोजीं झाला व १८०३ च्या ऑगस्टांत युद्ध जुंपलें. या वेळीं उत्तरेंत शिंद्यांची स्थिति कशी होती? पाटण, मेडता, लाखेरी या लढाया मारणारे डी बॉयनचे कंपू आतां पेराँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या ताब्यांत होते. पेराँचें ठाणें अलीगडास असून अंतर्वेदीचा वसूल त्याच्याच हातीं येई. इकडे दौलतरावानें त्याच्या जागीं अंबाजी इंगळ्याची नेमणूक ठरविली होती. ती कुणकुण लागल्यावर पेराँचें लक्ष स्वतःची मिळकत घेऊन सुरक्षितपणें बाहेर पडण्याकडे लागलें. २९ ऑगस्टला वेलस्लीनें जाहीरनामा काढून शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांस वेतनाचें आश्वासन दिलें. पेराँनेंहि आपल्या बाजूनें इंग्रज वंशाचे सर्व अधिकारी बडतर्फ केले. त्यांत जेम्स स्किनर हा मिश्रवंशीय तरुण होता. त्यानें पेराँस गांठून आपण शिंद्यांच्या बाजूनेंच लढूं इच्छितों असें विनविलें. पेराँनें सर्व खेळ आटोपला असें सांगून त्यास वाटेस लाविलें. धनी बुऱ्हाणपुराकडे, मुतालिक पळण्याच्या बेतांत, अधिकारी फुटलेले किंवा हाकललेले. अशा अवस्थेंत कंपूंस लेकशीं तोंड द्यावें लागलें.

लेक ७ ऑगस्टला कानपुराहून निघाला. २९ ला अलीगडापुढें येतांच पेराँचें घोडदळ लढाई न देतां हटलें. ४ सप्टेंबरच्या पहाटें त्यानें किल्ल्यावर एकदम हल्ला केला. भोंवतीं रुंद व खोल पाण्याचा खंदक, आंत जाण्यास एकच वाट. ती वाट ल्यूकन नांवाच्या अधिकाऱ्यानें दाखविली. हा ल्यूकन थोड्याच दिवसांपूर्वीं शिंद्यांचा चाकर होता! दरवाजे तोफेनें फोडून कर्नल मॉन्सनचे लोक आंत शिरले व तासाभरांत किल्ला पडला. आंतील शिबंदी मात्र शेवटपर्यंत लढली. तिचे सुमारें दोन हजार लोक पडले असें इंग्रजी वृत्तांत सांगतात. तीन दिवसांनीं पेराँचें पत्र आलें, आणि तो लखनौच्या मार्गें कंपनीच्या मुलखांत निघून गेला.

११ सप्टेंबरला दिल्लीसमोर, यमुनेच्या पूर्वतीरीं पटपडगंजाजवळ, बुर्कें नांवाच्या दुसऱ्या फ्रेंचानें मोर्चे बांधून वाट अडविली. लेकनें घोडदळ पुढें नेऊन मुद्दाम मागें घेतलें. शत्रु पळतो असें वाटून कंपू मोर्चे सोडून मैदानांत आले व पायदळाच्या माऱ्यांत सांपडले. ६८ तोफा इंग्रजांस मिळाल्या. तीनच दिवसांनीं बुर्कें व त्याचे सोबती अधिकारी लेकच्या स्वाधीन झाले. या लढाईचा एक स्मारकस्तंभ आज नोएडा येथील गोल्फच्या मैदानांत उभा आहे. खेळणाऱ्यांपैकीं कितीजण तो वाचतात कोण जाणे. १६ सप्टेंबरला लेक लाल किल्ल्यांत शाहआलमास भेटला. पंधरा वर्षांपूर्वीं गुलाम कादरानें डोळे काढलेला हा वृद्ध बादशहा फाटक्या छताखालीं बसला होता. त्यानें लेकला 'समसामुद्दौला', 'खान दौरान' वगैरे किताब दिले. बादशाहींतील दुसऱ्या दर्जाचा हा मान होता. पहिल्या दर्जाचा देतां आला नाहीं, कारण तो आधींच शिंद्यांच्या घराण्याकडे होता, असें इंग्रजी वृत्तांतांतच नमूद आहे. गादीचा ताबा गेला तरी किताबांच्या वहींत शिंदे लेकच्या वरच राहिले.

याच दिवसांतील एक गोष्ट स्किनरच्या आठवणींत आहे. सरधन्याची बेगम समरू, जिच्या पलटणी नुकत्याच असईस शिंद्यांबरोबर होत्या, लेकच्या भेटीस आली. मेजवानीनंतर आनंदाच्या भरांत असलेल्या सेनापतीनें पुढें होऊन तिचें चुंबन घेतलें. बेगमेचे लोक थक्क झाले. ती ख्रिस्ती होती. पाद्री आपल्या मुलीस असाच आशीर्वाद देतो, असें सांगून तिनें प्रसंग निभावून नेला. मराठी वाचकास 'लेक' शब्दामुळें या गोष्टींत आणखीहि गंमत वाटेल. असो.

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. आग्रा १८ ऑक्टोबरला इंग्रजांस मिळाला. दौलतरावानें दक्षिणेंतून उत्तरेकडे पाठविलेल्या पलटणी व दिल्लीच्या लढाईंतून निसटलेल्या दोन पलटणी एकत्र होऊन मेवातांत होत्या. या पलटणींचा फ्रेंच सरदार ड्यूड्रनेक हा इंग्रजांस जाऊन मिळाला होता. म्हणजे सुमारें नऊ हजार पायदळ, चारपांच हजार घोडे व ७२ तोफा यांवर आतां एकहि नामांकित गोरा अधिकारी उरला नव्हता. लेकनें ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं केवळ घोडदळ घेऊन कूच केलें, आणि १ नोव्हेंबरच्या सूर्योदयीं लासवारी गांवाजवळ त्यांस गांठलें. हें गांव आजच्या राजस्थानांत अलवर प्रांतीं आहे. शिंद्यांच्या लोकांनीं तलावाचा बांध फोडून वाट चिखलमय केली होती, तोफा साखळ्यांनीं एकमेकींस जखडल्या होत्या, आणि पुढें उंच गवत होतें. घोडदळ तोफांच्या ओळींतून आरपार गेलें, परत फिरलें, पुन्हां गेलें. पण गोलंदाज तोफांखालीं शिरून घोडे निघून जातांच पुन्हां बत्ती देत. कर्नल व्हॅन्डलर पडला. एकहि तोफ टिकवून ठेवतां येईना, तेव्हां लेकला घोडदळ मागें घ्यावें लागलें.

दुपारच्या सुमारास पंचवीस मैलांची मजल मारून इंग्रज पायदळ येऊन पोंचलें. या वेळीं शिंद्यांच्या बाजूनें निरोप आला कीं, कांहीं अटींवर तोफा देण्यास आम्ही तयार आहों. लेकनें एक तासाची मुदत दिली. उत्तर आलें नाहीं व लढाई पुन्हां सुरू झाली. तोफांच्या माऱ्यांत सर्वांत पुढें असलेली इंग्रजांची ७६ वी पलटण इतकी कापली जाऊं लागली कीं मागील लोक येण्याची वाट न पाहतां लेक स्वतः तीस घेऊन पुढें झाला. त्याचा घोडा गोळी लागून पडला. मेजर जॉर्ज लेकनें, त्याच्या पुत्रानें, उतरून आपला घोडा दिला आणि बाप घोड्यावर चढतो न चढतो तोंच जॉर्ज त्याच्या डोळ्यांदेखत जखमी होऊन कोसळला. जनरल वेअर तोफेच्या गोळ्यानें ठार झाला. शिंद्यांचा मुख्य नायक लढाईच्या भरांत घोड्यावरून निसटला. शिपाई मात्र जागचे हलले नाहींत. तोफा गेल्यावरहि ते ओळी करून मागें सरत लढले, आणि दुपारीं चारच्या सुमारास घोडदळानें त्यांस वेढलें तेव्हांच युद्ध थांबलें. दोन हजारांवर लोक कैद झाले. बाकीचे बहुतेक तेथेंच राहिले. इंग्रजांकडे १७२ ठार व ६५२ जखमी झाले.

दुसऱ्या दिवशीं लेकनें वेलस्लीस एक सरकारी खलिता व एक खासगी पत्र लिहिलें. खासगी पत्राचा आशय असा: इतकी कठीण लढाई आपण आयुष्यांत पाहिली नाहीं व पुन्हां अशा प्रसंगीं ईश्वर आपणांस न घालो, या पलटणींची सामुग्री उत्तम होती, गोलंदाज संगीन छातींत शिरेपर्यंत तोफांपाशीं उभे राहिले, शिपाई राक्षसांसारखे, नव्हे वीरांसारखे लढले, आणि त्यांवर फ्रेंच अधिकारी असते तर निकाल कोणत्या बाजूस लागला असता याची शाश्वति नव्हती.

हें पत्र पुरावा म्हणून घेतांना सावधगिरी हवी. विजयी सेनापति शत्रूचें शौर्य वाढवून सांगतो, कारण त्यानें स्वतःचें वाढतें. शिवाय लेकला आणखी गोऱ्या पलटणी हव्या होत्या, व लढाई जितकी बिकट तितकी ती मागणी रास्त दिसणार होती. तरी आमच्या मतें पत्र मूलतः खरें आहे. त्याचीं कारणें सांगतों. एक, लेकच्या फौजेंतील नुकसानीचे आंकडे त्यास दुजोरा देतात. दुसरें, या मोहिमेचा इतिहासकार मेजर थॉर्न हा स्वतः लेकच्या घोडदळांत होता, आणि १८१८ सालीं छापलेल्या त्याच्या ग्रंथांतील वर्णनाचा मेळ पत्राशीं बसतो. तिसरें व सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पांच आठवडे अगोदर, शेंकडों मैल दूर, असईस आर्थर वेलस्लीनें याच कंपूंच्या दुसऱ्या भागाशीं लढतांना ४२८ ठार व ११३८ जखमी इतकी किंमत दिली होती. दोन निरनिराळे सेनापति, दोन निरनिराळीं रणांगणें, अनुभव एकच. आणि आयर्लंडांतील लेक पाहिल्यावर, तो शत्रूची स्तुति दयाबुद्धीनें करील अशी शंका घेण्यास जागा राहत नाहीं.

हें मान्य केलें तर वर सांगितलेलें दुसरें मत पडतें. भाडोत्री शिपाई मरावयास तयार नव्हते हें लासवारीच्या शेतांनीं खोटें ठरविलें आहे. धनी दूर, सरदार फुटलेला, नायक निसटलेला असतां हे लोक उभे राहिले. कशासाठीं, याचें उत्तर पलटणीचा अभिमान असेंच द्यावें लागतें. डी बॉयननें घालून दिलेली शिस्त तो गेल्यावर आठ वर्षांनींहि जिवंत होती. उणीव कवायतींत किंवा छातींत नव्हती. कंपूंचें सेनापतित्व परक्यांच्या हातीं ठेवून त्याखालीं आपल्या माणसांची एक पिढी तयार केली नाहीं, ही महादजींची व त्याहून दौलतरावाची चूक होय. अलीगडची वाट ल्यूकननें दाखविली, किल्ल्याच्या भिंतींनीं नव्हे.

पहिल्या मताची, म्हणजे गनिमी कावाच तारक होता या मताची, परीक्षा पुढच्याच वर्षीं झाली. यशवंतराव होळकरानें शिंद्यांचा अनुभव डोळ्यांपुढें ठेवून, इंग्रजांशीं पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून आपल्या चाकरींतील व्हिकर्स आदि तिघां अधिकाऱ्यांचा शिरच्छेद केला, व घोडदळाच्या बळावर युद्ध आरंभिलें. लेक उन्हाळ्यामुळें कानपुरास परतला होता आणि मॉन्सनला पांच पलटणींसह पुढें ठेवण्याची चूक त्याचीच. जुलै-ऑगस्ट १८०४ मध्यें मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पावसांत, चिखलांत, पूर आलेल्या नद्यांतून मॉन्सनची फौज होळकरानें हाणीत आणली. ल्यूकनहि त्यांतच संपला. येथवर गनिमी कावा विजयी. पण नोव्हेंबरांत लेकनें घोडदळ घेऊन पाठलाग सुरू केला. चौदा दिवसांत सुमारें साडेतीनशें मैल, आणि शेवटच्या चोवीस तासांत सत्तर मैल तोडून १७ नोव्हेंबरच्या पहाटें त्यानें फर्रुकाबादेपाशीं होळकराची निजलेली छावणी गांठली. कनोजच्या तालमीचें फळ येथें दिसलें. वेग हें ज्याचें एकमेव शस्त्र, त्यास अधिक वेगवान शत्रु भेटला कीं जवळ कांहीं उरत नाहीं.

लेक हरला तो तिसऱ्याच ठिकाणीं. भरतपूरच्या रणजितसिंग जाटानें १८०३ सालीं इंग्रजांशीं तह केला होता. डीगच्या लढाईंत तो होळकराच्या बाजूस गेला. डीगचा किल्ला घेऊन लेक १८०५ च्या जानेवारींत भरतपुरापुढें बसला. किल्ला मातीचा, भिंती जाड, तोफेचा गोळा आंत रुतून बसे. लेकजवळ मोठ्या तोफा मोजक्याच व कुशल इंजिनेर अपुरे. तरी ९ जानेवारीस हल्ला, २१ जानेवारीस दुसरा, २० फेब्रुवारीस तिसरा, २१ फेब्रुवारीस चौथा! खंदक किती खोल आहे हेंहि नीट पाहिलें गेलें नव्हतें. २० फेब्रुवारीस गोऱ्या पलटणींनीं पुढें पाऊल टाकण्यास नकार दिला. त्यांत लासवारीची ती ७६ वी पलटणहि होती. त्या दिवशीं बुरुजावर चढून निशाण लावणारे लोक हिंदी शिपाई होते. दुसऱ्या दिवशीं लेकनें गोऱ्यांची निर्भर्त्सना केल्यावर ते आपण होऊन पुढें झाले, व तेहि फसले. चार हल्ल्यांत ठार व जखमी मिळून तीन हजारांवर माणसें गेलीं. एप्रिलांत तह झाला. जाटानें वीस लक्ष रुपये देण्याचें कबूल केलें, पण किल्ला त्याचाच राहिला. तो १८२६ सालीं लॉर्ड कंबरमिअरनें पडेपर्यंत भरतपूरचें नांव हिंदुस्थानभर अजिंक्य म्हणून गाजत होतें. येथें तोफा व भिंती हें साहित्य शिंद्यांच्या कंपूंपेक्षां कितीतरी हलकें होतें. धनी मात्र स्वतः तटाच्या आंत होता.

जुलै १८०५ मध्यें वेलस्ली जाऊन वृद्ध कॉर्नवालिस पुन्हां आला, व मुख्य सेनापतिपदहि त्याच्याकडे गेल्यामुळें लेक दुय्यम झाला. ५ ऑक्टोबरला गाजीपुरास कॉर्नवालिस वारला आणि लेकला अधिकार परत मिळाला. होळकराचा पाठलाग करीत तो बियास नदीपर्यंत गेला. डिसेंबराच्या अखेरीस राजपूरघाटचा तह झाला. नवीन गव्हर्नर जनरल बार्लो यानें जयपूरशीं केलेला करार मोडला, तेव्हां लेकनें विरोध केला. इंग्रजांनीं आपलें वचन सोयीसाठीं मोडण्याचा हा पहिलाच प्रसंग, असें जयपूरच्या वकिलानें त्यास तोंडावर सांगितल्याचें मालकमनें लिहून ठेविलें आहे. पहिला होता किंवा कसें, हें वसईच्या तहानंतरच्या मराठ्यांस विचारावयास हवें होतें. लेकनें आपले राजकीय अधिकार सोडून दिले व १८०७ च्या आरंभीं तो हिंदुस्थान सोडून गेला.

१८०४ च्या सप्टेंबरांत राजानें त्यास बॅरन केलें होतें. इंग्लंडांतील उमरावांच्या पांच पायऱ्यांत ही सर्वांत खालची. १८०७ सालीं तो व्हायकाउंट, म्हणजे एक पायरी वर, झाला. या पदवींत त्याच्या बकिंगहॅमशायरमधील ॲस्टन क्लिंटन गांवाबरोबर दिल्ली व लासवारी हीं दोन नांवें जोडलेलीं होतीं. अलीगड नाहीं, आग्रा नाहीं, फर्रुकाबाद नाहीं. जेथें निकाल कोणत्या बाजूस लागेल याची शाश्वति नव्हती असें त्यानें खासगींत लिहिलें, त्या मेवातांतील खेड्याचें नांव त्याच्या घराण्यानें धारण केलें. लेक २० फेब्रुवारी १८०८ रोजीं लंडन येथें वारला. पुत्र जॉर्ज लासवारीच्या जखमेंतून वांचला होता; तो बापामागें सहा महिन्यांनीं, १७ ऑगस्ट १८०८ रोजीं, पोर्तुगालांत रोलिसा येथें २९ व्या पलटणीच्या अग्रभागीं लढतांना पडला. त्या लढाईचा सेनापति होता आर्थर वेलस्ली. व्हायकाउंटाची पदवी लेकच्या दुसऱ्या दोन पुत्रांकडे एकामागून एक गेली, आणि १८४८ सालीं धाकटा निपुत्रिक वारल्यावर ती नष्ट झाली.